विहिरीत निघालेला ॲपोफिलाइट: ओळख, तपासणी आणि किंमत

चाळीसगाव तालुक्याच्या दक्षिणेला, सातमाळ्याच्या पायथ्याशी एका शेतकऱ्याने उन्हाळ्यात विहीर खोल करायला घेतली. ३८ फुटांवर काळा फत्तर लागला म्हणून सुरुंग घेतला. यारीने डबर वर येऊ लागलं तेव्हा बकेटमध्ये चकाकणारे दगड दिसले. खाली भिंतीत परातीएवढी पोकळी उघडी पडली होती. मजुरांनी तिच्यात पहार घातली आणि जे सुटलं ते वर पाठवलं: एक मोठा दगड, तीन मध्यम, आणि घमेलंभर तुकडे.

“हाई काय शे भाऊ?” या प्रश्नाची दोन दिवसांत तीन उत्तरं मिळाली. गावात हिरे निघाल्याची बोलवा झाली, आकडा लाखांवर गेला. जळगावच्या सराफ बाजारात दगडाला यंत्र टेकवलं आणि ‘काच आहे’ असं सांगितलं. दगड घेणाऱ्या एका व्यापाऱ्याने सगळ्या मालाचे मिळून ३,००० रुपये देऊ केले.

तिन्ही उत्तरं एकाच ठिकाणी अडली. तिघांनीही दगडाची किंमत त्याच्या पदार्थात शोधली: हिरा असेल तर इतकी, काच असेल तर शून्य, दगड असेल तर घमेल्याची. पोकळीतल्या खनिजाच्या नमुन्याची किंमत पदार्थात फार थोडी असते. ती स्फटिकाच्या शाबूत टोकात, त्याच्या बसण्यात आणि तो नेमका कुठून निघाला याच्या नोंदीत असते. आणि तिचा मोठा हिस्सा विकताना जात नाही. तो पहिल्या तासाभरातच जातो, पहार घालताना आणि धुताना.

हा प्रसंग नमुन्यादाखल मांडला आहे. त्यातले रुपयांचे आकडे हिशोबाची रीत कळावी म्हणून गोल धरले आहेत, ते आजचा बाजारभाव म्हणून घेऊ नयेत.

आधी खडक, मग खडा

चकाकणाऱ्या भागाकडे सगळे बघतात. जाणकार आधी दगड उलटा करून त्याची पाठ बघतो. मोठ्या दगडाची पाठ काळ्या-करड्या बारीक कणांच्या खडकाची होती. त्यात वाटाण्याएवढे पांढरे ठिपके होते आणि पोकळीच्या कडेला हिरवट मातीचा पातळ थर होता. हा डेक्कन ट्रॅपचा, म्हणजे दख्खनच्या पठारावरच्या थरांचा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले, पोकळ्या राहिल्या. नंतर खडकातून फिरणाऱ्या गरम पाण्याने त्या पोकळ्यांत आतून एकेक खनिज चढवलं. हिरे वेगळ्याच खडकातून वर येतात. तेव्हा पाठीचा खडक बेसाल्ट दिसला की हिऱ्याची चर्चा तिथेच थांबवता येते, यंत्र लावायची गरज नाही.

बेसाल्टच्या पोकळीत नेहमी काय सापडतं, याची यादी लहान आहे: कॅल्सेडनी आणि गारगोटी, कॅल्साइट, स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, सुयांसारखी स्कोलेसाइट-मेसोलाइट, कापसासारखी तंतूंची मॉर्डेनाइट, आणि ॲपोफिलाइट. जळगाव जिल्ह्यातले असे नमुने जगभरच्या संग्रहांत आहेत, इथल्या सावदा गावाचं नाव नमुन्यांसोबतच्या कितीतरी चिठ्ठ्यांवर दिसतं. आपल्याकडे ही खनिजं पाहून डोळा तयार करायचा असेल तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय जवळ आहे. यादी लहान असली की ओळख म्हणजे आठ-नऊ नावांतून निवड करणं एवढंच उरतं.

ओळख कशी पटवली

मोठ्या दगडाचं माप १७ × १२ × ९ सेंमी, वजन १.९ किलो. त्यावर पारदर्शक, फिकट हिरवे तीन उभे स्फटिक होते, सर्वांत मोठा ३४ मिमी उंच. त्यांच्या बुडाशी फिक्या केशरी-गुलाबी रंगाच्या, मधे आवळलेल्या पेंढीसारख्या जुड्या. पाठीमागे एक मळकट पांढरा ठोकळा.

पहिली तपासणी निव्वळ डोळ्यांची, १० पटीच्या भिंगाने. हिरवा स्फटिक चौकोनी आहे की षटकोनी? साध्या पोस्टकार्डाला काटकोनी खाच कापून ती दोन उभ्या बाजूंच्या मधल्या कडेवर लावून बघितली, ती तंतोतंत बसली. कोन ९० अंशाचा. गारगोटीत तो १२० अंशाचा येतो आणि खाचेच्या कोपऱ्यात फट राहते. मग उभ्या बाजूंवरच्या बारीक रेघा पाहिल्या. त्या खालून वर जात होत्या, गारगोटीत त्या आडव्या असतात. तिसरी खूण सर्वांत पक्की आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं. ॲपोफिलाइटच्या टोकाच्या चार कललेल्या बाजू खालच्या सपाट बाजूंवर बसत नाहीत, त्या कडांवर बसतात, म्हणजे ४५ अंशांनी फिरलेल्या असतात. म्हणून त्या बाजू पतंगाच्या आकाराच्या दिसतात. गारगोटीत टोकाची प्रत्येक बाजू खालच्या बाजूच्या सरळ वर असते. कापून पैलू पाडलेली काच विकणारा माणूस ही गोष्ट सहसा चुकतो.

चमकही दोन तऱ्हेची होती. उभ्या बाजू काचेसारख्या, पण एका स्फटिकाच्या आडव्या माथ्यावर मोत्यासारखी झाक. चौकोनी स्फटिक, उभ्या रेघा आणि माथ्यावर मोत्याची झाक हे तिन्ही एकत्र आले की बेसाल्टच्या पोकळीत दुसरं नाव फारसं उरत नाही. तरीही तपासणी पुढे नेली, कारण किमतीच्या कागदावर ‘दिसतो तसा’ असं लिहून चालत नाही.

पुढच्या सगळ्या चाचण्या घमेल्यातल्या सुट्या तुकड्यांवर केल्या. मुख्य नमुन्यावर ओरखडा, आम्ल किंवा ज्योत यांतलं काहीही लावायचं नसतं. त्याच पोकळीतला तुकडा हाताशी असताना नमुना खरवडणं म्हणजे हाताने किंमत उतरवणं.

विशिष्ट गुरुत्वासाठी, म्हणजे तुकडा तेवढ्याच पाण्याच्या किती पट जड हे काढायला, सराफाकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा पुरतो. हिरवट तुकडा हवेत ८.४२ ग्रॅम भरला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणला आणि तुकडा बारीक नायलॉनच्या धाग्याने पाण्यात लोंबकळत सोडला. काट्याने ३.५८ दाखवलं. हे तुकड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. ८.४२ भागिले ३.५८ म्हणजे २.३५. ॲपोफिलाइटचं विशिष्ट गुरुत्व २.३ ते २.४ असतं, गारगोटीचं २.६५, खिडकीच्या काचेचं साधारण २.५. केशरी जुडीच्या तुकड्याचं ५.१० आणि २.३४, म्हणजे २.१८, हे स्टिल्बाइटला जुळतं. मागच्या पांढऱ्या ठोकळ्याच्या तुकड्याचं ६.८० आणि २.५१, म्हणजे २.७१, तो कॅल्साइट.

या मोजणीत दोन चुका हमखास होतात. तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर पाणी जास्त सरतं आणि उत्तर खोटं कमी येतं. त्यासाठी पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून तुकडा धाग्याने दोन-तीनदा खालीवर करायचा. आणि तुकडा पेल्याच्या बुडाला टेकला तर त्याचं वजनही काट्यावर येतं, आकडा एकदम वाढतो आणि गुरुत्व एकच्या आसपास निघतं. शिवाय तुकडा एकाच खनिजाचा हवा. पाठीला खडक चिकटलेला असेल तर येणारं उत्तर दोघांचं मिश्रण असतं. पहिल्या खेपेला हिरव्या तुकड्याचं गुरुत्व २.५१ आलं होतं. मागे बेसाल्टची खपली होती. घाईत त्या आकड्यावरून ‘काच’ हेच उत्तर पक्कं झालं असतं.

कठिनता १ ते १० च्या मोहस मापावर मोजतात, जास्त आकड्याचा पदार्थ कमी आकड्याच्या पदार्थावर ओरखडा काढतो. त्यासाठी घरातली तांब्याची तार (३ च्या जवळ), चाकूचं पातं (साधारण ५.५) आणि फ्लोराइट या खनिजाचा तुकडा (४) एवढं घेतलं. हिरव्या तुकड्यावर चाकू उमटला, फ्लोराइट उमटलं नाही, म्हणजे ४ आणि ५.५ च्या मधे. ॲपोफिलाइट ४.५ ते ५. केशरी तुकड्यावर फ्लोराइट सहज उमटलं, तारेने जेमतेम खूण केली, स्टिल्बाइट ३.५ ते ४. एक सावधगिरी: ॲपोफिलाइट आडवा सहज सोलला जातो, म्हणून पातं दाबलं की ओरखड्याऐवजी पापुद्रा निघतो आणि खडा आहे त्यापेक्षा मऊ वाटतो. ओरखडा उभ्या बाजूवर काढायचा, माथ्यावर नाही.

आम्लाचा थेंब फक्त पांढऱ्या तुकड्याच्या भुकटीवर टाकला. १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाने ती भसाभसा फसफसली. घरी व्हिनेगर वापरलं तर फसफस मंद असते, भिंगातून बघावी लागते.

शेवटची चाचणी ज्योतीची. ‘ॲपोफिलाइट’ हे नाव १८०६ मध्ये फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ आयुई यांनी दिलं ते याच गुणावरून: तापवलं की तो पानापानांनी सुटतो. ग्रीक नावाचा अर्थच तसा आहे. ज्वारीच्या दाण्याएवढा कण चिमट्यात धरून लायटरच्या ज्योतीत नेला, तो पांढरा पडून पापुद्रे सोडू लागला. स्टिल्बाइटचा कण फुगून अळीसारखा वाकला. गारगोटीला अशा ज्योतीने काही होत नाही. कण तडकून उडतो, तेव्हा डोळ्यांवर चष्मा हवा. काचेच्या बारीक नळीत तापवलं तर वरच्या गार भागात पाण्याचे थेंब धरतात. दोन्ही खनिजांच्या रचनेतच पाणी आहे.

सराफाच्या यंत्राबद्दल इथे एक सांगणं आवश्यक आहे. ते यंत्र खड्यातून उष्णता किती झपाट्याने वाहते एवढंच मोजतं. हिऱ्यातून ती फार वेगाने वाहते. यंत्र गप्प राहिलं म्हणजे ‘हिरा नाही’ इतकंच सिद्ध होतं. ‘काच आहे’ हे उत्तर यंत्राने दिलेलं नव्हतं. आणि सराफाच्या दृष्टीने तो खडा निरुपयोगी आहे हे खरंच आहे: मऊ, सोलला जाणारा, अंगठीत टिकणार नाही. ज्या बाजारात तो विकला जातो, तो बाजार वेगळा.

नावाची अचूकता कुठवर न्यायची? हातातल्या चाचण्यांनी ‘ॲपोफिलाइट’ इथपर्यंत खात्री होते. आजच्या पद्धतीत त्यात फ्लोरिन जास्त की हायड्रॉक्सिल, पोटॅशियम की सोडियम, यावरून वेगळी नावं आहेत. डेक्कन ट्रॅपमधला बहुतेक माल फ्लुओरॲपोफिलाइट-(के) असतो, पण ते पक्कं करायला रासायनिक विश्लेषण लागतं. स्टिल्बाइटचंही तसंच: त्यात कॅल्शियम जास्त की सोडियम, हे डोळ्यांनी कळत नाही. अशा नमुन्यासाठी प्रयोगशाळेचा खर्च करू नये असं आमचं मत आहे. चिठ्ठीवर ‘ॲपोफिलाइट’ आणि ‘स्टिल्बाइट’ लिहावं, तेवढं खरं आहे आणि घेणाऱ्याला तेवढं पुरतं. पांढऱ्या सुयांचं काय ते मात्र हाताने ठरवूच नये. स्कोलेसाइट, मेसोलाइट, नॅट्रोलाइट यांचा निवाडा क्ष-किरण विवर्तनाने होतो, त्याला चिमूटभर भुकटी पुरते.

आणखी एक. ॲपोफिलाइटला सगळे झिओलाइट म्हणतात, म्हणजे स्टिल्बाइट, स्कोलेसाइट ज्या गटात येतात त्या गटातला. तो झिओलाइटच्या सोबतीने वाढतो, पण त्याची रचना थरांची आहे, झिओलाइटची जाळीची. आडवा सोलला जाण्याचं कारणही हे थरच. चिठ्ठीवर ही चूक दिसली की जाणकार ग्राहक बाकीच्या मजकुरावरही शंका घेतो.

नुकसान मोजणं

या प्रकरणात सर्वांत जास्त वेळ इथे गेला आणि तो जायलाच हवा होता.

तीन स्फटिकांना अ, ब, क अशी नावं दिली. ‘अ’ म्हणजे ३४ मिमीचा, समोरचा. त्याच्या टोकाचा २ मिमी टवका उडालेला. ‘ब’ २६ मिमी, पूर्ण शाबूत, पण जरा मागे. ‘क’ला सगळ्यांनी शाबूत धरलं होतं: २२ मिमी, सपाट माथा, त्यावर सुरेख मोत्याची चमक. वर उल्लेखलेला मोत्याच्या झाकेचा माथा हाच.

‘क’ तुटलेला होता. ॲपोफिलाइट आडवा इतका स्वच्छ तुटतो की तुटलेली बाजू नैसर्गिक माथ्यासारखी दिसते, उलट जास्तच चमकते. फरक भिंगातून असा कळतो: नैसर्गिक माथ्याच्या चारही कोपऱ्यांवर त्या पतंगी बाजूंचे छोटे तिरके छाट असतात, आणि पृष्ठभागावर वाढीचे बारीक चौकोनी उंचवटे किंवा खळगे दिसतात. तुटलेल्या माथ्याच्या कडा चारही बाजूंनी सुरीने कापल्यासारख्या सरळ, कोपऱ्यांवर छाट नाही, कुठेतरी पायरीसारखी उतरण, आणि खाली आडव्या चिरांत इंद्रधनुष्यी रंग. ‘क’मध्ये हे सगळं होतं. विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ही बाजू ओळखता आली पाहिजे. अशा माथ्याची पूर्ण किंमत मोजणारे लोक भेटतात आणि नंतर पस्तावतात.

मग ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च अंधारात फिरवली. स्टिल्बाइटची एक जुडी बुडाशी निळसर-पांढरी उजळली. चिकटवलेली. मजुरांपैकी कुणीतरी सुटलेली जुडी चांगल्या हेतूने झटपट गोंदाने जागेवर बसवली होती. काही गोंद उजळत नाहीत आणि काही कॅल्साइट स्वतःच उजळतं, म्हणून टॉर्चवर भिस्त ठेवत नाहीत, सांध्याची रेषा भिंगाने बघतात. सांधा जुडीच्या आरपार सरळ जात होता आणि शेजारच्या बाजूंवर गोंदाच्या वाफेने पांढुरकी पुटी धरली होती. ॲसिटोनमध्ये बुडवलेल्या मऊ कुंचल्याने पुटी निघाली, सांधा तसाच ठेवला आणि नोंदवला. दुरुस्ती असणं हा दोष आहे, ती लपवणं हा व्यवहारातला गुन्हा आहे.

उजव्या अंगाला एक चौकोनी खळगा दिसला, बाजू ३० मिमीची, आतून गुळगुळीत. तिथे चौथा स्फटिक होता, ‘अ’पेक्षा बराच जाड. पहारेने तो उखडला होता. तो शाबूत असता तर हा दगड वेगळ्याच प्रतीचा ठरला असता.

पोकळी उघडी पडली की करायचं ते फार सोपं आहे. पुढचा सुरुंग थांबवायचा. न उडालेला सुरुंग आणि सैल भिंत बघितल्याशिवाय कुणी खाली हात घालायचा नाही. पोकळीचा फोटो काढायचा, बाजूला फूटपट्टी ठेवून. स्फटिकाला हात न लावता त्याच्या मागचा खडक छन्नी-हातोड्याने गोल कापत यायचं, म्हणजे तो खडकासकट सुटतो. पहार पोकळीत जायला नको, ती फक्त बाहेरच्या खडकावर. पोकळीच्या तळाची माती आणि सगळे सुटे तुकडे वेगळ्या गोणीत भरायचे, डबराच्या ढिगात टाकायचे नाहीत.

धुताना

सुदैवाने इथे कुणी संडास साफ करायचं आम्ल ओतलं नव्हतं. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते कॅल्साइट खातं, आणि ॲपोफिलाइट-स्टिल्बाइटच्या बाजूही मंद करतं. गारगोटीवरचा गंज काढायला वापरतात ते ऑक्झॅलिक आम्लही इथे नको. या खनिजांत कॅल्शियम आहे, त्याच्याशी मिळून पांढरा थर धरतो आणि तो निघत नाही.

साधं पाणी, साबणाचा थेंब, मऊ दाढीचा ब्रश, फटींत बांबूची काडी. दोन दिवस भिजत ठेवून पाणी बदलत गेलं की बहुतेक माती स्वतःच सुटते. उरलेल्या तांबूस डागांसाठी १ लिटर शुद्ध पाण्यात ७१ ग्रॅम सोडियम सायट्रेट आणि ८.५ ग्रॅम खाण्याचा सोडा, आणि वापरायच्या वेळी २० ग्रॅम सोडियम डायथायोनाइट. आधी घमेल्यातल्या तुकड्यावर रात्रभर करून बघायचं, मग नमुन्यावर. वास उग्र असतो, ओट्यावर किंवा अंगणात करायचं, नंतर दोन-तीन दिवस पाणी बदलत धुवायचं. अल्ट्रासॉनिक यंत्रात घालू नये, आधीच्या आडव्या चिरा त्यात उघडतात.

वाळवताना घाई महागात पडते. विहिरीतला गार दगड मे महिन्याच्या खानदेशी उन्हात पत्र्यावर ठेवला की तडकतो. सावलीत, गोणपाटावर, वारा लागेल असा ठेवायचा. पांढरे तंतू असलेले तुकडे कोरडे असताना घासायचे किंवा फुंकायचे नाहीत. एरिओनाइटसारख्या तंतुमय झिओलाइटची धूळ फुप्फुसाला घातक असते आणि कोणता तंतू कोणता हे हाताने कळत नाही. ओलेच हाताळायचे.

किंमत

रंग आधी नीट ठरवला. पांढऱ्या कागदावर, सकाळच्या सावलीतल्या उजेडात ‘फिकट हिरवा’. भारतीय ॲपोफिलाइटचा हिरवा रंग व्हॅनेडियममुळे येतो. गर्द हिरव्याला फार जास्त किंमत मिळते म्हणून मोबाईलवर फोटो भडक करून टाकले जातात. असा फोटो बघून कुणी घेतलं की दगड परत येतो, आणि येताना बहुधा तुटून येतो.

मग तुलनेचे नमुने शोधले. अट अशी की जिल्हा तोच किंवा शेजारचा, खनिजांची जोडी तीच, मोठ्या स्फटिकाची उंची ३० ते ४० मिमी, आणि किंमत ‘मागितलेली’ नव्हे तर ‘विकली गेलेली’. गावात फिरणारा लाखाचा आकडा परदेशी संकेतस्थळावरच्या मागणीच्या किमतीवरून आला होता, तो माल महिनोन्महिने तिथेच पडून होता. विकल्या गेलेल्या, शाबूत, तशाच नमुन्यांवरून किरकोळ किंमत १४,००० धरली.

समोरच्या स्फटिकाचं टोक उडालेलं, एक माथा तुटलेला, एक जुडी चिकटवलेली. पहिल्या हिशोबात ४० टक्के कमी केले: ८,४००. पण नमुना कुठल्या बाजूने उभा करायचा हे निसर्गाने ठरवलेलं नसतं. दगड डावीकडे सुमारे ५० अंश फिरवून बुडाखाली मेणाची लहान गोळी दिली तर शाबूत ‘ब’ समोर येतो, ‘अ’चा टवका मागे जातो आणि रिकामा खळगा सावलीत पडतो. नुकसान नोंदीत तसंच राहतं, पण ते पहिल्या नजरेत येत नाही. मग वजावट २५ टक्के पुरते: १०,५००. बूड करवतीने सपाट करायचा मोह इथे होतो. तो टाळलेला बरा, हादऱ्याने ‘क’च्या चिरा वाढण्याचा धोका जास्त.

ही किंमत शेवटच्या ग्राहकाची. व्यापारी इतके देऊ शकत नाही, त्याला बांधणी, वाहतूक, तूट आणि न खपलेला माल सांभाळायचा असतो. किरकोळीच्या ४० टक्के ही वाजवी घाऊक धरली: मोठ्याचे ४,२००. तीन मध्यम नमुने किरकोळीत प्रत्येकी १,५०० चे, घाऊक मिळून १,८००. घमेल्यातला १२ किलो माल ६० रुपये किलोने ७२०. बेरीज ६,७२०.

म्हणजे ३,००० ची बोली कमी होती, पण ती लाखाची चोरी नव्हती. व्यापाऱ्याने माल घमेल्याने मोजला होता. नोंदी आणि फोटो समोर ठेवले असते तर त्यालाही मोठा दगड वेगळा काढून बोलावं लागलं असतं. शेतकऱ्याने स्वतः ग्राहक शोधला तर रक्कम वाढते, पण त्यात महिने जातात आणि कुरिअरमध्ये तुटण्याची जोखीम त्याच्याकडे येते. पेरणी तोंडावर असताना कोणता मार्ग परवडतो, हे घरच्यांनी ठरवायचं.

विकण्याआधी एक गोष्ट मात्र विचारून घ्यायची. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार जमिनीतल्या खनिजांवर हक्क राज्य शासनाचा असतो, सातबारा कुणाच्याही नावावर असो. तेव्हा विहिरीचं काम, निघालेला माल आणि विक्री याबद्दल ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे तलाठी) किंवा तहसील कार्यालयातून लेखी खुलासा घेतलेला बरा. तो कागद घेणाऱ्यालाही हवा असतो.

चिठ्ठी आणि बांधणी

व्यापारात जळगाव, नाशिक, औरंगाबाद, पुणे ही नावं फार सैलपणे लिहिली जातात. म्हणूनच नेमकी नोंद असलेला नमुना वेगळा उठून दिसतो, आणि ती नोंद नंतर तयार करता येत नाही. या नमुन्यासोबत लिहिलं: ॲपोफिलाइट, स्टिल्बाइटवर, मागे कॅल्साइट, गाव, तालुका चाळीसगाव, जिल्हा जळगाव, विहीर, खोली ३८ फूट, निघाल्याची तारीख, १७ × १२ × ९ सेंमी, १.९ किलो, ‘अ’ टोकाला २ मिमी टवका, ‘क’ माथा तुटलेला, एक स्टिल्बाइट जुडी चिकटवलेली, पाणी आणि साबणाने धुतलेला, डाग काढण्याचं द्रावण एकदा. एक चिठ्ठी दगडाच्या बुडाला क्रमांकाने जोडलेली, एक वहीत.

खानदेशात बांधणीला कापूस हाताशी असतो, पण तो थेट स्फटिकाला लावू नये. तंतू फटींत आणि सुयांत अडकतात, काढताना सुया मोडतात. आधी मऊ टिश्यू कागदाचे बोळे फटींत हलके भरायचे, मग वर्तमानपत्र, मग कापूस किंवा फोम. केळीचं जाड पुठ्ठ्याचं खोकं बाहेरून उत्तम, मात्र आत दुसरं खोकं हवं आणि दोन्हींच्या मधे चारही बाजूंनी ५ सेंमीची गादी. दगड आत हलवून बघायचा. आवाज आला तर पुन्हा बांधायचा.

उखडलेला चौथा स्फटिक शोधायला विहिरीकाठचं डबर वाळू चाळायच्या चाळणीतून पाण्याने धुतलं. त्याचा ३० मिमी जाड बुडाचा भाग मिळाला, खळग्यात तो अचूक बसला. वरचा अर्धा मिळाला नाही. तो तुकडा चिकटवला नाही. टोक नसलेला स्फटिक समोर बसवून नमुन्याची शोभा वाढत नाही आणि दुरुस्त्यांच्या यादीत एक ओळ वाढते. त्याच क्रमांकाच्या पिशवीत घालून तो नमुन्यासोबत ठेवला आहे. यारी अजून तिथेच आहे, आणि पोकळीचा डावा कोपरा भिंतीत आत गेलेला आहे.